वीस इंचांवरून एकोणीस इंचांवर: गोव्याच्या रस्त्यांसाठी विजेच्या गाडीची चाके लहान करताना

विजेवर चालणाऱ्या मोटारींबरोबर आपल्याकडे एक नवी प्रथा रुजली आहे. गाडीचा सर्वांत वरचा प्रकार घेतला की चाकेही सर्वांत मोठी येतात, मग ती आपल्याला हवी असोत वा नसोत. ह्युंदाईची आयोनिक ५ भारतात आली ती २० इंची चाकांवर, आणि महिंद्राच्या एक्सईव्ही ९ई ला १९ तसेच २० इंची अशी दोन्ही मापे आहेत. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर ही चाके देखणी दिसतात यात शंका नाही. परंतु मिरग लागून महिना उलटल्यावर डिचोलीहून साखळीमार्गे वाळपईला निघालेल्या माणसाला त्यांच्या देखणेपणाचे फारसे कौतुक उरत नाही, कारण पाण्याने भरलेला खड्डा किती खोल आहे हे चाक त्यात गेल्याशिवाय कळत नाही. माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या टायरला अशाच एका खड्ड्याने लिंबाएवढा फुगा आणला आणि रिमची, म्हणजे टायर ज्यावर चढवतात त्या धातूच्या चाकाची, कडही आत वळवली. तो टायर बदलून आणण्यासाठी आठवडाभर थांबावे लागले, आणि त्या आठवड्यात मी चाके लहान करण्याचा विषय प्रथम गांभीर्याने अभ्यासला.

अभ्यासाअंती माझे मत असे झाले की गोव्यात चाके लहान करणे शहाणपणाचे आहे, परंतु त्याच मॉडेलवर कंपनीने स्वतः बसवलेल्या मापापर्यंतच खाली यावे, त्याखाली जाऊ नये. शिवाय एका चार्जवर अधिक अंतर मिळण्याच्या आशेने हे करणाऱ्याने हेही ध्यानात घ्यावे की तो लाभ बव्हंशी टायरमुळे मिळतो, रिमच्या इंचांमुळे फारच थोडा.

आधी कागद आणि पेन्सिल

टायरच्या बाजूवर कोरलेल्या मापात सर्व हिशेब दडलेला असतो. २५५/४५ आर २० या मापात २५५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ४५ ही साइडवॉलची, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची रुंदीच्या शेकडा किती ते सांगणारी संख्या आणि २० हा रिमचा इंचांतील व्यास. म्हणजे साइडवॉलची उंची २५५ च्या ४५ टक्के, ११४.७५ मिलिमीटर. रिमचा व्यास २० गुणिले २५.४, म्हणजे ५०८ मिलिमीटर. त्यात साइडवॉल वरून एकदा आणि खालून एकदा मिळवली की पूर्ण चाकाचा व्यास ७३७.५ मिलिमीटर येतो. आयोनिक ५ चे हेच मूळ माप आहे. परदेशात ही गाडी ज्या १९ इंची चाकांवर मिळते, त्यांचे माप २३५/५५ आर १९ असून त्याचा हिशेब ७४१.१ मिलिमीटर येतो. रिम एका इंचाने लहान झाली, पण संपूर्ण चाक साडेतीन मिलिमीटरने मोठे झाले! प्रथम वाचताना हे विचित्र वाटते, पण चाक लहान करणे याचा खरा अर्थ रिम लहान करून तिची जागा रबराला देणे एवढाच आहे.

एक्सईव्ही ९ई चे उदाहरण अधिक नेटके आहे. २४५/५० आर २० चा व्यास ७५३ मिलिमीटर आणि २४५/५५ आर १९ चा ७५२.१ मिलिमीटर, म्हणजे फरक एका मिलिमीटरहूनही कमी. साइडवॉल मात्र १२२.५ वरून १३४.७५ मिलिमीटर होते. हे सव्वा सेंटिमीटर रबर खड्ड्याची कड आणि रिमची कड यांच्यामध्ये उभे राहते.

नव्या चाकाचा व्यास जुन्याच्या एका टक्क्याच्या आत असावा, आणि काही कारणाने ते जमत नसेल तरी दोन टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा दंडक मी पाळतो. तो न पाळल्यास काय होते ते पाहा. वरच्याच आयोनिकला कोणी १८ इंची रिमवर २३५/५० मापाचा टायर सुचवला, तर व्यास ६९२.२ मिलिमीटर होतो, म्हणजे मूळ मापाहून सहा टक्क्यांनी कमी. गाडी जमिनीला जवळजवळ २३ मिलिमीटर अधिक जवळ येते, आणि विजेच्या गाडीत तळाशी सायलेन्सर नसून बॅटरीची पेटी असते. आपल्या गावांतील रंग न दिलेले गतिरोधक आठवले म्हणजे या २३ मिलिमीटरांची किंमत कळेल. स्पीडोमीटर खऱ्याहून जास्त वेग दाखवू लागतो, ओडोमीटर न कापलेले अंतर मोजू लागतो, आणि एबीएस (ब्रेक लावताना चाके अडकू न देणारी यंत्रणा) व स्थिरता-नियंत्रण यांचे हिशेब ज्या घेरावर बेतलेले आहेत तो घेरच बदलतो.

रिम निवडताना

रिमचे पाच तपशील तपासावे लागतात, आणि त्यांपैकी एकही नजरेने ओळखता येत नाही. पहिला पीसीडी, म्हणजे नटांची भोके ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास. पाच नट आणि ११४.३ मिलिमीटर हे माप अनेक कोरियन व जपानी गाड्यांवर आढळते. युरोपीय धाटणीच्या पुष्कळ गाड्यांवर ते ११२ असते. ११२ ची रिम ११४.३ च्या हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या फिरत्या भागावर चाक बसते त्यावर, जरा जोर लावल्यास बसल्यासारखी वाटते, आणि धोका नेमका तेथेच आहे, कारण प्रत्येक नट तिरका ओढला जातो आणि काही हजार किलोमीटरांनंतर नट ज्यावर आवळतात तो स्टड तुटू शकतो. दुसरा सेंटर बोअर, म्हणजे रिमच्या मधले भोक. ते हबच्या मापाचे असावे; आयोनिक ५ साठी ते ६७.१ मिलिमीटर आहे. बाजारातील रिमचे भोक बहुधा मोठे असते आणि मधली फट भरण्यासाठी हब रिंग घालतात. प्लॅस्टिकच्या रिंगपेक्षा अॅल्युमिनियमची रिंग चांगली. मात्र रिंगच घातली नाही तर ८० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरते आणि मालक बॅलन्सिंग करणाऱ्याला दोष देत बसतो.

तिसरा तपशील ऑफसेट, ज्याला आपल्याकडे दुकानांत सरळ ईटी म्हणतात. रिमच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबवर टेकणारा पृष्ठभाग किती मिलिमीटर बाहेर आहे, ते ही संख्या सांगते. ईटी १० ने कमी झाला की चाक १० मिलिमीटर बाहेर येते आणि चिखलाचे फवारे दारांवर उडू लागतात. १० ने वाढला की तेवढेच आत सरकते आणि सस्पेन्शनच्या जवळ जाते. ईटी सारखाच ठेवून रिमची रुंदी एका इंचाने कमी केली, तर दोन्ही बाजूंना १२.७ मिलिमीटर जागा सुटते. मूळ ईटीपासून पाच मिलिमीटरपेक्षा अधिक फरक नसावा, आणि तो भरून काढण्यासाठी स्पेसर, म्हणजे हब आणि रिम यांच्यामध्ये घालायची चकती, लावण्याचा सल्ला कोणी दिलाच तर नम्रपणे नाकारावा. चौथा तपशील रिमची रुंदी. २३५/५५ टायरसाठी साधारण साडेसहा ते साडेआठ इंच रुंदीची रिम चालते आणि साडेसात ही आदर्श मानली जाते. पाचवा नटाच्या बैठकीचा आकार, म्हणजे शंकूसारखी, गोलाकार की सपाट. शंकूच्या नटाला गोल बैठकीची रिम दिली तर नट कडेच्या एका बारीक रेषेवरच टेकतो. टॉर्क पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला ते मोजणारा पाना, हवा तो आकडा दाखवेल, पण पकड मात्र नसेल.

हे सर्व जुळले तरी ब्रेकची अडचण उरते, आणि लहान चाकांच्या मार्गात सर्वांत जास्त वेळा तीच आडवी येते. विजेची गाडी जड असल्यामुळे तिच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क व त्यांना चिमट्यासारखे धरणारे कॅलिपर मोठे असतात. कॅलिपर रिमच्या आतल्या भिंतीला किंवा स्पोकच्या मागच्या बाजूला लागतो. हे कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. प्रत्यक्ष बसवूनच पाहावे लागते. म्हणून टायर चढवण्यापूर्वी नुसती रिम पुढच्या हबवर बसवून, दोन-तीन नट हाताने आवळून, ती पूर्ण फिरवून पाहण्याचा आग्रह धरावा. कॅलिपरच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आणि वरच्या कडेवर चिकणमातीचे छोटे गोळे चिकटवावेत, रिम दोनदा फिरवून काढावी आणि दबलेल्या मातीची जाडी मोजावी. चवथीनंतर घरात थोडी माती उरलेली असतेच. तीन मिलिमीटरपेक्षा कमी जागा मला मान्य नाही, कारण बॅलन्सिंगची चिकट वजने आतल्या भिंतीवर येतात आणि तीही काही मिलिमीटर जागा खातात. फोंड्यातील एका टायरवाल्याने ही गोष्ट मला एका वाक्यात सांगितली होती: ‘बाब, रिम बसता, पूण कॅलिपराक लागता.’ त्या रिमचे पैसे मी अद्याप दिलेले नव्हते, हे माझे भाग्य.

वरच्या सगळ्या खटाटोपातून सुटण्याचा मार्ग म्हणजे आपल्याच मॉडेलच्या खालच्या प्रकाराची मूळ रिम मिळवणे. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जी पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर किंवा मालकाच्या पुस्तिकेत कंपनीने मान्य केलेली मापे व हवेचा दाब दिलेला असतो. तेथे लहान माप छापलेले असेल तर पीसीडी, ईटी, ब्रेकची जागा या सर्वांची परीक्षा कंपनीने आधीच घेतलेली आहे. तरीही एक सावधगिरी हवी. अधिक शक्तीच्या प्रकाराला कधी कधी मोठे ब्रेक असतात, म्हणून रिम आपल्याच मोटर-प्रकाराला चालते ना, हे भाग-क्रमांक देऊन सेवा केंद्रात विचारून घ्यावे.

अनेक मालक नवी गाडी घेताच मूळ चाके काढून विकतात, आणि अशा वापरलेल्या मूळ रिम बाजारातील नव्या स्वस्त रिमपेक्षा मला केव्हाही बऱ्या वाटतात. मात्र त्या बॅलन्सिंगच्या यंत्रावर फिरवून पाहाव्यात, स्पोकच्या मागे केसाएवढी भेग किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर सोडून द्याव्यात. नवी रिम घ्यायची असेल तर तिच्यावर आयएस ९४३६ या मानकाचा आयएसआय शिक्का असावा.

टायरवरच खरी मदार

विजेच्या गाडीसाठी टायर निवडताना दुकानदार प्रथम किंमत सांगतो आणि ग्राहक प्रथम कंपनी विचारतो. त्याआधी भार-निर्देशांक विचारावा. मापानंतर कोरलेली ९७, १०० किंवा १०४ अशी संख्या एका टायरची कमाल वहनक्षमता सांगते: ९७ म्हणजे ७३० किलो, १०० म्हणजे ८०० किलो आणि १०४ म्हणजे ९०० किलो. बॅटरीमुळे ही गाडी तेवढ्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा पुष्कळ जड असते, त्यामुळे त्याच मापाचा पेट्रोल गाडीसाठीचा टायर रिमवर चढेल, पण भार पेलण्यास अपुरा पडू शकेल. नव्या टायरचा निर्देशांक मूळ टायरच्या निर्देशांकापेक्षा, किंवा दाराच्या पट्टीवर त्या मापासाठी दिलेल्या निर्देशांकापेक्षा कमी नसावा, यात तडजोड नाही. एक्सएल असे लिहिलेला टायर अधिक दाबावर अधिक भार वाहतो. साध्या टायरची कमाल क्षमता साधारणतः ३६ पीएसआयला मोजतात, एक्सएलची ४२ ला. म्हणून एक्सएल टायरमध्ये सवयीने ३० पीएसआय हवा भरणारा माणूस त्याची अर्धी उपयुक्तता घालवतो. वेगाचे अक्षरही मूळ टायरच्या अक्षराहून खालचे नसावे; एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर आणि व्ही म्हणजे २४०.

आता अंतराचा प्रश्न. रस्त्यावर घरंगळताना टायर सतत दबतो व पूर्ववत होतो, आणि त्यात जी ऊर्जा उष्णता होऊन जाते तिला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. ते एका टनामागे किती किलो बल लागते या रूपात मोजतात. युरोपच्या टायर-पट्टीवर मोटारींच्या टायरसाठी ६.५ पर्यंतचा टायर ‘ए’ वर्गात, ६.६ ते ७.७ ‘बी’ वर्गात आणि ७.८ ते ९ ‘सी’ वर्गात धरला जातो. दोन टन वजनाच्या गाडीला ९ चा टायर लावला तर १८ किलोचे बल सतत मागे ओढते. शंभर किलोमीटरमध्ये त्यावर सुमारे ४.९ युनिट वीज खर्च होते. ७ चा टायर लावला तर हाच आकडा ३.८ युनिटांवर येतो. शंभर किलोमीटरला १६ युनिट खाणाऱ्या गाडीत १.१ युनिटांची बचत म्हणजे जवळपास सात टक्के. यात रिमच्या व्यासाचा कोठेही उल्लेख नाही, हे कृपया पाहावे. लहान चाकाला ‘बी’ वर्गाऐवजी ‘डी’ वर्गाचा जाडजूड टायर लावल्यास सगळा लाभ धुऊन जाईल आणि वर तोटा होईल.

रिमच्या हलकेपणाचा लाभ मिळतो, पण तो लोक समजतात तेवढा नसतो. फिरणाऱ्या वजनाला गती द्यायला जास्त ऊर्जा लागते हे खरे. मात्र विजेची गाडी वेग कमी करताना त्यातील बरीच ऊर्जा बॅटरीत परत घेते. हलके चाक खड्ड्यातून चटकन वरखाली होते, सस्पेन्शनवर ताण कमी पडतो आणि मणका सुखी राहतो, हा लाभ मला बचतीपेक्षा मोठा वाटतो. हवेच्या विरोधाचा फरक महामार्गावर जाणवतो. अरुंद टायर आणि सपाट, कमी भोकांची रिम हवा कमी घुसळते. राष्ट्रीय महामार्ग ६६ वर पत्रादेवीपासून काणकोणपर्यंत सलग जाणाऱ्याला त्याचा उपयोग होईल, पणजीच्या अठरा जून रस्त्यावर जागा शोधत फिरणाऱ्याला होणार नाही.

आपल्याकडे एका गोष्टीकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोलिंग रेझिस्टन्स कमी करण्यासाठी वापरलेले रबराचे मिश्रण ओल्या रस्त्यावर कधी कधी पकडीत कमी पडते. म्हणून ओल्या रस्त्यावरील पकडीचा वर्ग ‘ए’ किंवा ‘बी’ असलेलाच टायर घ्यावा आणि त्यासाठी एखादा टक्का वीज जास्त गेली तरी जाऊ द्यावी. अरुंद टायर साचलेले पाणी रुंद टायरपेक्षा चांगले कापतो, हा लहान चाकांचा आणखी एक गुण. त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कोरड्या अनमोड घाटात वळणावर गाडी किंचित झुकल्यासारखी वाटेल, स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा मऊ होईल आणि कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावल्यास थांबायला थोडे अधिक अंतर लागू शकेल.

टायरवर आयएस १५६३३ चा आयएसआय शिक्का आणि बाजूवर कोरलेल्या उत्पादन-क्रमांकाचे शेवटचे चार अंक पाहावेत. २३२५ म्हणजे २०२५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. दोन वर्षे गोदामात पडलेला टायर सवलतीत मिळत असेल तरी घेऊ नये.

कागदपत्रे

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत असा बदल करता येत नाही ज्यामुळे नोंदणी-पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील, आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याच तत्त्वावर बोट ठेवले होते. कंपनीने त्याच मॉडेलला दिलेले माप वापरणे हा यातला सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. विमा कंपनीला लेखी कळवून पावती जोडावी आणि उत्तर जपून ठेवावे. अपघातानंतर सर्वेक्षक प्रथम चाकेच पाहतो.

प्रत्यक्ष बदल

हे काम मे महिन्यात करावे. घरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी चालू असते तेव्हाच गाडीचेही पुरुमेंत उरकले, तर पाऊस लागण्यापूर्वी नवे टायर थोडे घासून तयार होतात. टायर रिमवर चढवणे आणि बॅलन्सिंग करणे हे दुकानाचेच काम, पण तयार चाके गाडीवर बसवणे घरच्या अंगणातही जमते, आणि दुकानातील मुलगा न्यूमॅटिक गनने नट मारत असताना बाजूला उभे राहून पाहण्यापेक्षा ते मनाला अधिक शांती देते.

गाडी सपाट व कठीण जागी उभी करावी. चिऱ्यांच्या कुंपणालगतची मऊ माती टाळावी. दुसरी जागा नसेल तर जॅकखाली जाड फळी घालावी. गियर ‘पी’ मध्ये ठेवावा, हँडब्रेक लावावा, चार्जिंगची केबल काढलेली असावी, आणि जे चाक उचलायचे त्याच्या कर्णरेषेवरील चाकाला पुढून-मागून दगड लावावेत. ज्या गाड्यांना हवेचे सस्पेन्शन आहे त्यांच्या पडद्यावर जॅकसाठी वेगळा पर्याय असतो. तो आधी चालू करावा.

यानंतरची सूचना सर्वांत महत्त्वाची आहे. गाडीच्या तळाचा बहुतेक भाग बॅटरीच्या पेटीने व्यापलेला असतो. जॅक फक्त पुस्तिकेत दाखवलेल्या चार ठिकाणीच लावावा आणि जॅकच्या डोक्यावर रबराचा ठोकळा ठेवावा. पेटीच्या कडेवर दाब पडून ती दबली, तर दुरुस्तीचा खर्च चाकांच्या किमतीच्या कितीतरी पट होईल. दुकानातील दोन खांबांच्या लिफ्टवर गाडी चढत असेल तर तिचे हात नेमके कोठे टेकतात ते स्वतः वाकून पाहावे. पेट्रोल गाड्यांची सवय असलेला कामगार हात थोडे आत सरकवतो. त्यात त्याचा दोष नाही, पण आपण सांगायला हवे.

चाक जमिनीवर असतानाच प्रत्येक नट अर्धा फेरा सैल करावा, मग गाडी उचलून नट काढावेत. समुद्राच्या खाऱ्या हवेने अॅल्युमिनियमची रिम लोखंडी हबला घट्ट चिकटते. दोन नट सैल लावून ठेवून टायरच्या बाजूला पायाने ठोकर मारली की ती सुटते. नट पूर्ण काढून हातोडा मारू नये, चाक अंगावर येते. त्यानंतर हबचा पृष्ठभाग तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावा. ही पायरी घाईत टाळली जाते, परंतु गंजाचा एक पापुद्रा मध्ये राहिला तरी चाक तिरके बसते आणि तो पापुद्रा झिजला की नट सैल होतात. हबच्या मधल्या गोल कडेवर अँटीसीझ या वंगणाचा अगदी पातळ हात द्यावा, म्हणजे पुढच्या वेळी चाक चिकटणार नाही. स्टडच्या आट्यांना मात्र तेल किंवा ग्रीस लावू नये, कारण त्यामुळे टॉर्क पान्याचा आकडा खोटा ठरतो आणि स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

नवे चाक बसवल्यावर नट प्रथम हाताने, मग साध्या पान्याने, समोरासमोरचे नट एकाआड एक घेऊन चांदणीच्या क्रमाने आवळावेत. गाडी खाली उतरवून टॉर्क पान्याने अंतिम आवळणी करावी. आकडा पुस्तिकेतलाच घ्यावा. आयोनिक ५ साठी तो १०७ ते १२७ न्यूटन-मीटर आहे, तर टेस्लाच्या मॉडेल वाय साठी १७५, म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये.

टायरमधील हवेच्या सेन्सरांचा निर्णय टायर चढवण्याआधीच करावा. ज्या गाड्यांत व्हॉल्व्हच्या मागे प्रत्यक्ष सेन्सर असतो, तेथे एक तर जुने सेन्सर नव्या रिममध्ये घालावेत किंवा नवे घेऊन यंत्राने गाडीला त्यांची ओळख करून द्यावी. त्यांच्या आतील बॅटरी पाच ते दहा वर्षे टिकते आणि ती बदलता येत नाही, त्यामुळे जुनी गाडी असेल तर नवेच घ्यावेत. ज्या गाड्या चाकांच्या फिरण्याच्या फरकावरून हवा ओळखतात, तेथे पडद्यावरून ती यंत्रणा रीसेट करणे पुरेसे असते. सेन्सरशिवाय गाडी चालवण्याचा मोह धरू नये. जुलै २०२० मध्ये नियमांत झालेल्या बदलानंतर ट्यूबलेस टायर, दुरुस्ती-संच आणि हवेची सूचना देणारी यंत्रणा असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली आहे, आणि बऱ्याच विजेच्या गाड्यांनी तिचा लाभ घेतला आहे. स्टेपनीही नाही आणि सेन्सरही नाही, अशा अवस्थेत रात्री चोर्ला घाटात अडकलेल्या माणसाला मोबाइलची रेंजही मिळेलच असे नाही. गाडीला स्टेपनी असेल तर तिचा घेर नव्या चाकांशी जुळतो का, हेही आजच पाहावे.

पहिले काही दिवस

पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालल्यावर सर्व नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. नव्या टायरवर साच्यातून निघताना राहिलेला गुळगुळीत थर असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोराचा ब्रेक व वळणावरचा वेग टाळावा. विजेच्या मोटरचा टॉर्क क्षणात येत असल्याने हिरवा दिवा लागताच पेडल दाबण्याची सवयही तेवढे दिवस आवरावी. स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवून आणि मागे चार माणसे बसवून टायर कोठे घासतो का ते ऐकावे. अलाइनमेंट करून घ्यावी. हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या पट्टीवर त्या मापासाठी दिला असेल तेवढा ठेवावा.

किती वीज वाचली हे मोजायचे असेल तर जुनी चाके उतरवण्याआधीच मोजणी सुरू करावी लागते. पणजी ते मडगाव हा महामार्ग त्यासाठी सोयीचा आहे. रविवारी पहाटे, पाऊस नसताना, वातानुकूलन एकाच तापमानावर ठेवून, ठरावीक वेगाने जाऊन परत यावे, म्हणजे वारा आणि चढउतार दोन्ही फिटतात. जुन्या आणि नव्या चाकांवर असे किमान तीन-तीन फेरे करावेत. अंतर मात्र गाडीच्या ओडोमीटरवरून न घेता फोनच्या जीपीएसवरून घ्यावे. चाकाचा घेर एका टक्क्याने कमी झाला असेल तर ओडोमीटर एक टक्का जास्त अंतर दाखवतो आणि वीज वाचली नसतानाही वाचल्यासारखी दिसते. जुने टायर झिजलेले आणि नवे कोरे असतील तर तुलना उलट बाजूने फसते, कारण झिजलेल्या टायरचा विरोध कोऱ्या टायरपेक्षा कमी असतो. अशा वेळी दोन-तीन हजार किलोमीटर थांबून पुन्हा मोजावे. काही गाड्यांच्या पडद्यावर चाकांचे माप निवडण्याची सोय असते. ती असल्यास नवे माप भरावे, म्हणजे उरलेल्या अंतराचा अंदाज सुधारतो.

उतरवलेली मोठी चाके विकण्याची घाई करू नये. गाडी विकताना ग्राहक तीच मागतो. ती साबणाच्या पाण्याने धुऊन, विशेषतः आतल्या बाजूचे मीठ व ब्रेकची काळी भुकटी काढून, पूर्ण वाळवून ठेवावीत. टायर चढवलेली चाके आडवी एकावर एक रचावीत. खाली लाकडी पाट घालावा, कारण पावसाळ्यात फरशीला पाझर फुटतो. इन्व्हर्टर किंवा पंपाची मोटर असलेल्या खोलीत ती ठेवू नयेत; तेथील ओझोनमुळे रबराला बारीक भेगा पडतात. कोणते चाक कोठून काढले ते खडूने आतल्या बाजूस लिहावे आणि मधल्या टोप्या व जुने नट एका पिशवीत घालून ती पिशवी त्यातल्याच एका रिमला बांधून ठेवावी.